आठव्या किलोमीटरला सुटलेली लेस

"सुटली! ओ सर, सुटली!"

रस्त्यावर मी एकटा होतो, आणि ओरडत होतो तोही मीच. आदिलाबादजवळच्या मावल्याच्या तलावापासून जुन्या रस्त्याने बरोबर आठ किलोमीटर, मोहाच्या झाडाखालची नाल्यावरची मोरी, डिसेंबरचं धुकं, रविवारी सकाळचे साडेसहा. पंचेचाळीस वर्षांचा, टक्कल पडत चाललेला एक महसूल कारकून पाठीला पाण्याची पिशवी लावून भर रस्त्यात उभा, आणि समोरच्या पांढऱ्या धुक्याला हाका मारतोय... ज्यांना हाका मारत होतो त्या देवराव सरांना जाऊन अकरा महिने झाले होते.

सुटली होती ती माझ्या डाव्या बुटाची लेस.

आता पुढचं सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर ओळखीचं कोणी हे वाचेल आणि खाली कॉमेंट लिहून मोकळं होईल. मी थापाड्या माणूस आहे. आमच्या मावल्यात माझी प्रत्येक गोष्ट लोक कापसासारखी पिंजून, सरकी बाजूला काढून मगच घेतात. बेल्लमपल्लीला साडूकडे गेलो असताना कोळशाच्या मालगाडीबरोबर मी स्टेशनापासून फाटकापर्यंत पळालो आणि गार्डाने हिरवा झेंडा गाडीला नाही, मला दाखवला — हे मी किमान चाळीस जणांना सांगितलंय. नार्नूरच्या घाटात वाघाने मला वाट दिली, हेही सांगितलंय. वाघ नव्हता. बैल होता, आणि त्याने वाटही दिली नव्हती.

पण भुताखेताची थाप मात्र मी आयुष्यात मारलेली नाही. कारण थाप मारायला निदान आपला तरी थोडा विश्वास लागतो, आणि माझा या प्रकारावर तेवढाही नव्हता. तेव्हा हे जे लिहितोय, त्यात सरकी नाही. शोधून पाहा.

मी पळायला लागलो तो चाळिशीत, डॉक्टरने साखर दाखवली म्हणून. आधी पळणं आलं, मागोमाग पळण्याचं सामान आलं, आणि मग घरात सामानच उरलं. रोजचे बूट वेगळे, जोरात पळायचे वेगळे, लांब पळायचे वेगळे आणि शर्यतीचे वेगळे. बायको, मंगला, एकदा शांतपणे म्हणाली, "पाय दोन, जोड चार. गोम तरी बरी, तिले बूट लागत नाई." त्याशिवाय छातीचे ठोके मोजणारं घड्याळ, घाम न धरणारे मोजे, पाठीवरची पाण्याची पिशवी, आणि चिकट गोड जेलच्या पुड्या. तहसिलीत मी दिवसभर पहाणीचे, म्हणजे तुमच्या सातबाराचे, उतारे काढतो, आणि संध्याकाळी मोबाईलवर बुटांच्या तळव्यांचे. कोणत्या बुटाची टाच किती मिलिमीटर, हे मला मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्कं पाठ आहे.

आणि सोबत पळायचे ते देवराव सर. नार्नूरकडच्या कापूसवाल्या घरातले, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, मावल्यात माझ्या घरापासून चौथ्या गल्लीत घर बांधून राहिलेले. वय सदुसष्ट. पायात पांढरे कॅनव्हासचे पीटीचे बूट, तळवा झिजला की मोच्याकडून सायकलच्या टायरचा तुकडा लावून आणायचे. खिशात रुमालात बांधलेला गूळ-शेंगदाणा. मांड्या घासू नयेत म्हणून मी डबीतलं खास मलम लावायचो, ते खोबरेल तेल चोपडायचे. वारा माझ्याकडे असला की त्या वासाने पळताना मला भजनी मंडळात बसल्यासारखं वाटायचं. माझी जेलची पुडी त्यांनी एकदा चाखून पाहिली आणि विचारलं, "पाकिटं चिकटवाले वापरता का हे तहसिलीत?" घड्याळाकडे बघून म्हणायचे, "थकलो का नाई हे तुले मनगटाले विचारा लागते?"

आणि हा माणूस, टायर लावलेल्या बुटांत, दर रविवारी माझ्या दोनशे पावलं पुढे असायचा. दोनशे म्हणजे... बरं, शंभर. पण पुढे.

त्यांच्या पळण्याचा एक आवाज होता. डावा पाय थप पडायचा, उजवा किंचित घासायचा. थप-घस, थप-घस. मी दमलो की डोळे अर्धे मिटून त्या आवाजाला धरून पळायचो, दोरीला धरून आडात उतरावं तसा.

आता लेस. माझ्या डाव्या पायाचं हाड बाजूला वाढलेलं आहे, आणि हल्लीच्या भारी बुटांच्या लेसा म्हणजे गुळगुळीत रेशीम. आठ किलोमीटर झाले की डावी सुटणारच. दुहेरी गाठ मारा, काहीही करा. उजवी शहाणी आहे, तिचा त्रास नाही. पहिल्यांदा सुटली तेव्हा मी बांधायला वाकलो, आठ किलोमीटर तापलेल्या पोटरीत असा गोळा आला की मी मोरीच्या बाजूच्या नालीत जाऊन पडलो, आणि दोन शेळ्या चरायचं थांबवून बघायला आल्या. चार म्हणणार होतो. दोनच होत्या.

त्या दिवशी सर परत आले, मला काढलं आणि नियम घालून दिला. "सुटली तं थांब. वाकू नको. आवाज दे. मी येतो."

मग दर वेळी तसंच. मी थांबायचो, ओरडायचो "सर, सुटली!" — आणि पुढे गेलेली थप-घस वळून माझ्याकडे यायची. सर एका गुडघ्यावर बसायचे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मान वर करून मोहाच्या शेंड्याकडे बघायचं. खाली पाहिलं की चक्कर येते, हा त्यांचा सिद्धांत. खाली ते गाठ मारायचे. ही गाठ त्यांच्या घरची. कापसाच्या बोऱ्याचं तोंड त्यांच्याकडे असंच बांधायचे म्हणे: बोटाभोवती दोन वेढे, टोक मागून घेऊन दाबलेलं; बुटावर ते लेसच्या तिसऱ्या आडव्या पट्टीखाली जायचं. बोरा गाडीतून फेकला तरी सुटायचा नाही, आणि आखूड टोक ओढलं की एका झटक्यात मोकळा. दोनदा ओढून बघायचे, मग बुटाच्या टोकावर तळहात आपटायचे — चल. झालं.

मी ती गाठ कधी शिकलो नाही. एवढा माणूस बांधायला असताना शिकायचं काऊन, सांगा.

पळून आलो की त्यांच्या ओट्यावर चहा. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. काकू त्यांना हाक मारायच्या नाहीत. "अहो" नाही, "ऐकलं का" नाही. चहा झाला की स्टीलचा ग्लास दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवायच्या, आणि सर तलावाच्या काठावर असले तरी उठून यायचे. मी एकदा थट्टेने विचारलं, काकू, सरांना नाव नाही का? तर सरच म्हणाले, "हाय ना. तिनं लग्नात उखाण्यात घेतलं अन् मंग ठेवून देलं."

असं चार वर्षं चाललं. मग मी एक घाण काम केलं.

हैदराबादच्या एका मोठ्या हाफ मॅरेथॉनला मी नाव दिलं होतं. जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. सोबत आदिलाबादची नवी पळणारी मंडळी होती, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, डोक्यावर चष्मे. सरांना सांगितलं असतं तर ते आले असते. आले असते म्हणजे टायरचे बूट, रुमालातला गूळ आणि खोबरेल घेऊन आले असते. आणि मला... लिहायला जड जातंय... मला त्यांची लाज वाटली. शनिवारी संध्याकाळी मी फोन केला आणि म्हटलं, सर, उद्या येत नाही, उजवा गुडघा दुखून राह्यला. ते म्हणाले, "आराम कर." एवढंच. मी आयुष्यात हजार थापा मारल्या, पण त्या लोकांनी मजेत ऐकल्या. ही एकच थाप अशी होती की कोणीतरी खरी मानली.

हैदराबादला काय झालं तेही सांगतो. पळणारा माणूस जी चूक दुसऱ्याला करू देत नाही तीच मी केली. नवे कोरे बूट शर्यतीच्याच दिवशी पहिल्यांदा घातले. आत कार्बनची पट्टी असलेले. वाटलं, बूटच पळतील, मी वर बसून राहीन. चौथ्या किलोमीटरला टाचेला फोड, सहाव्याला अंगठ्याचं नख काळं, आणि आठव्याला... सुटली. मी थांबलो. आणि सवयीने, हजारो माणसांच्या मध्ये उभा राहून ओरडलो, "सर, सुटली!"

लोक डावीकडून, उजवीकडून गेले. एकाने धक्का दिला, एकीने "सॉरी" म्हटलं. मागे वळून कोणी आलं नाही. मी नाल्यात दगड उभा असतो तसा उभा होतो.

कशीबशी शर्यत पूर्ण केली. शेवटच्या रेषेवर हात वर केलेला फोटोही निघाला. ठरवलं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ आणि सगळं सांगून टाकू. सर दोन शिव्या देतील, मग मोरीपाशी बसून हसू.

भोगीच्या दिवशी सकाळी सर बाजरीची भाकर मागून ओट्यावर बसले, आणि काकू भाकर घेऊन बाहेर आल्या तोवर गेले होते.

तिळगुळाचा डबा आमच्या फडताळात तसाच राहिला. मंगलाने उन्हाळ्यात तो मुंग्यांना घातला.

तेराव्यापर्यंत मी त्या घरी गेलो, उभ्या उभ्या. नंतर नाही. चार गल्ल्यांवरचं घर, पण भाजीला जाताना मी लांबून वळसा घालायचो. काकूंच्या डोळ्यांना डोळा द्यायची हिंमत नव्हती. मनात एकच गोष्ट ठुसठुसत होती, आणि ती दिवसेंदिवस मोठी होत गेली: त्यांना कळलं होतं का? जाताना ते मला गुडघा दुखणारा विलास समजून गेले, की खोटारडा समजून? मृत्यूचं दुःख मोठं असतं असं म्हणतात. असेल. मला रात्रंदिवस फक्त एवढं जाणून घ्यायचं होतं. आणि रविवारी थप-घस ऐकायची होती. पळताना मी कानातली गाणी बंद केली. बाजारात कोणी पाय घासत चालला तरी वळून बघायचो. आणि दर रविवारी आठव्या किलोमीटरला डावी सुटायची, मी मोरीच्या कठड्यावर बसून शाळेतल्या पोरासारखी साधी गाठ मारायचो, ती दहाव्याला परत सुटायची, आणि मी चालत घरी यायचो. अकरा महिन्यांत आठच्या पुढे मी नीट पळलोच नाही.

तर तो डिसेंबरचा रविवार.

आदिलाबादची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू. माझी सावलीसुद्धा त्या दिवशी घरून निघाली नव्हती. (ही थाप. धुक्यात सावली पडतच नाही.) लांब पळायचे जुने बूट घातले, अंधारातच निघालो. धुकं इतकं की दहा पावलांपुढे रस्ता संपायचा. कापसाची वेचणी चालू होती, पण एवढ्या थंडीत शेतावर अजून कोणी आलेलं नव्हतं. मोरी आली, मोहाचं झाड वर काळं दिसलं, आणि डाव्या पायात ते ओळखीचं ढिलेपण आलं. का कोण जाणे, त्या दिवशी तोंडातून निघून गेलं... "सुटली! ओ सर, सुटली!"

ओरडलो आणि माझीच मला लाज वाटली. इकडेतिकडे पाहिलं. वाकावं म्हटलं, तर पोटरी कडक. म्हटलं, दोन श्वास घेऊ, मग कठड्यावर बसू. उभा राहिलो.

थप-घस.

आधी वाटलं कानातलं रक्त. मग वाटलं पाणी टपकतंय. पण ते समोरून येत होतं, आणि जवळ येत होतं, त्याच चालीत. परत यायचे तेव्हा ते थोडे हळू यायचे. तसंच हळू.

मला भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही वाटली. शाळा सुटल्यावर सगळ्यांचे आईबाप येऊन गेलेले असतात, आपण एकटे फाटकात उभे असतो, आणि लांबून आपल्या बापाची सायकल दिसते. त्या वेळी भीती वाटते का? रडू येतं. मी खाली पाहिलं नाही. नियम होता. मान वर केली, मोहाच्या शेंड्याकडे पाहिलं, आणि माझा उजवा हात आपोआप पुढे, कमरेच्या उंचीवर गेला, जिथे त्यांचा खांदा असायचा तिथे.

हाताला काय लागलं ते मी लिहिणार नाही. हात माझाच आहे, माझ्यासारखाच. त्याच्या साक्षीवर विसंबू नका. एवढंच सांगतो की खोबरेलाचा वास आला, आणि डावा पाय दोनदा ओढला गेला. मग बुटाच्या टोकावर तळहात आपटला.

मी म्हणालो, "सर, माझा गुडघा..."

थप-घस पुढे निघून गेली होती.

खाली पाहिलं. लेस बांधलेली होती. दोन वेढे, आणि टोक मागून तिसऱ्या पट्टीखाली दाबलेलं.

मग मी पळालो. त्यांना गाठायला पळालो. मला फक्त विचारायचं होतं. आवाज पुढेच होता, शंभर पावलं, मी जोर लावला की तोही तेवढाच पुढे. हाका मारल्या. पण नियमात बसणारी हाक एकच होती, आणि लेस तर सुटत नव्हती. "सुटली" म्हणू कसा? खोटं म्हणालो असतो तर आले असते कदाचित. तोंडावर आलं होतं. पण त्यांच्याशी दुसरी थाप मारवली नाही.

अकराव्या किलोमीटरला सूर्य वर आला, धुकं फाटलं, आणि पुढे सरळ, ओला, रिकामा रस्ता होता. दोन्हीकडे फुटलेला कापूस. मागून लाल बस आली, माझ्याजवळ थांबली, आणि कंडक्टरने माझं तोंड बघून तेलुगूत विचारलं, चढता का सार? मी मान हलवली. तो दार लावताना ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले नाहीत, एवढं मात्र मला दिसलं.

घरी आल्यावर घड्याळ बघितलं. माझ्या घरात थापा न मारणारी ती एकच वस्तू आहे. मोरीपाशी मी दोन मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ उभा होतो, आणि तेवढ्यात छातीचे ठोके झोपलेल्या माणसाइतके खाली आले होते. पुढचे तीन किलोमीटर मी आयुष्यात पळलो नाही इतक्या जोरात पळलो होतो.

मंगलाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "या टायमाले वाघ होता का सोबत?" मग माझ्याकडे नीट पाहिलं. बूट काढायचा होता, पण मी गाठ सोडू देईना. तिने बूट धरून ओढला, मी पलंगाला धरून राहिलो. टाचेची सालं निघाली पण पाय बाहेर आला. बूट कपाटावर ठेवला. त्या आठवड्यात रोज रात्री जेवण झाल्यावर मी उजव्या बुटावर ती गाठ मारून बघितली. कधी तीन वेढे व्हायचे, कधी टोक उलटं जायचं. एकदा बांधल्यासारखी दिसली, तर मंगलाच्या एका बोटाने सुटली. म्हणजे मीच नकळत बांधली, हे म्हणायला जागा राहिली नाही. राहिली असती तर बरं झालं असतं. मी आज निवांत मालगाडीच्या गोष्टी लिहीत बसलो असतो.

पुढच्या रविवारी पळायला गेलो नाही. बूट पिशवीत घातला आणि चौथ्या गल्लीत गेलो.

काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. "या विलासभाऊ," म्हणाल्या, जणू मी कालच येऊन गेलो होतो. मी बसलो, आणि बूट काढून त्यांच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही. मला वाटतं त्यामुळेच त्यांनी मान वर करून ऐकलं. त्यांनी बूट मांडीवर घेतला. गाठीवरून अंगठा फिरवला, मागून दाबलेलं टोक चाचपलं.

"त्यायचीच हाय," म्हणाल्या.

मग मी ते काढलं. म्हटलं, काकू, माझा गुडघा दुखत नव्हता. मी खोटं बोललो होतो. मी हैदराबादला गेलो होतो.

त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं आता दार लागतं. पण बाहेर आल्या त्या हातात एक बाटली घेऊन. हिरवट तेल, बुचाला चिंधी गुंडाळलेली, वर अकरा महिन्यांची धूळ.

"हे तुमचं. निरगुडीचं तेल हाय. गुडघ्यासाठी करून ठेवलं होतं त्यायनं."

मी म्हटलं, म्हणजे त्यांनी खरं मानलं होतं.

"नाई," काकू म्हणाल्या. "त्यायले माईत होतं. सोमवारी पेपरात तुमचा फोटो आला नवता का, हात वर करून. चष्मा लावून पाह्यला त्यायनं. खूप वेळ पाह्यला, बूट पाह्यले तुमचे. मंग पिशवी घेतली अन् तलावाकडं गेले, निरगुडीचा पाला आणासाठी. मी म्हटलं, त्याचा गुडघा तं दुखतच नाई. तं म्हणे, असे बूट घातल्यावर आज नाई तं उद्या दुखंल."

मी हसलो. आणि मग जे व्हायचं ते झालं. ओट्यावर, दिवसाढवळ्या, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर. काकूंनी मला रडू दिलं आणि तूर निवडत राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी बूट परत उचलला, लेसचं आखूड टोक चिमटीत धरलं आणि एकदाच ओढलं. मी "नको" म्हणेपर्यंत गाठ मोकळी झाली होती. दोन्ही टोकं त्यांनी सारखी केली आणि बूट माझ्याकडे दिला.

त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून रविवारी त्याच रस्त्याने जातो. डावी अजून आठव्याला सुटते. मी थांबतो, पण ओरडत नाही. ते ठेवून दिलंय. हे सगळं काय होतं ते लोकांना विचारून पाहिलं. डॉक्टर म्हणाला साखर कमी झाली असेल, साडू म्हणाला धुकं, पळणाऱ्या मंडळींपैकी एकाने मेंदूतल्या कुठल्याशा रसायनाचं नाव सांगितलं. गाठीबद्दल विचारलं की तिघंही माझ्या मालगाडीची आठवण काढतात. मला राग येत नाही. गाठ सोडलेली आहे. दाखवायला माझ्याकडे एक तेलाची बाटली तेवढी उरली आहे.

पण त्या दिवशी ओट्यावरून उठताना मी काकूंना विचारलं होतं. म्हटलं, काकू, ते माझ्याकडे काऊन आले असतील? मी त्यांचा ना पोरगा ना भाऊ, वरून खोटं बोललेला माणूस.

काकूंनी तुरीतला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"तुमी आवाज देला," त्या म्हणाल्या. "मी ग्लासच वाजवत राह्यली."